वजनकाटा

रास अल खैमाच्या मागे, वादी गुबैनच्या तोंडाशी
माझी केबिन. एक खिडकी, गळका एसी, समोर काटा.
डोंगर माझ्यासमोरून जातो, दिवसाला चारशे ट्रक,
मी शिक्का मारतो.
अठ्ठेचाळीस टन. सत्तेचाळीस आठशे.
पुढे बंदर, पुढे बार्ज, पुढे समुद्रात
कुणाच्या तरी बंगल्यांसाठी नवं बेट.

पाऊण वाजता सुरुंग.
धनबीर घर्ती भोंगा वाजवतो. त्याचं गाव
रोल्पाकडचं, एका पावसात अर्धं घसरलेलं.
म्हणतो, आमचा डोंगर फुकट गेला,
ह्याला निदान भाव तरी आहे.
हसतो, आणि हसता हसता खोकत बसतो.

खाली वस्तीत नऊ घरं.
कागद होते ते सरकारी कॉलनीत गेले,
कागद नव्हते ते डोंगराजवळ उरले.
खजुरी आता सिमेंटच्या गोणीच्या रंगाच्या.
पाटाचं पाणी आटलं, टँकर येतो गुरुवारी, आला तर.
एक झाड आहे, ते सिदर म्हणतात.
मी जवळ जाऊन पाहिलं, तर आपली बोरच की!
राजूरच्या बाजारातली आंबट चव जिभेवर आली
आणि तिच्यामागून लगेच कचकच.

काल शम्सा बिंत मुसब्बह वर चढून आली.
नाकावर निळसर मुखवटा, हातात परात,
परातीत पीठ नाही. धूळ.
आठवड्याभराची, गच्चीवरची, अंथरुणातली,
शेळीच्या नाकपुडीतली.
म्हणाली, हाही डोंगरच. ह्याचं वजन कर.

मागे अकरा ट्रक, हॉर्नवर हॉर्न.
नियामत पश्तूत शिवी हासडायला खिडकीबाहेर वाकला
आणि तिला पाहून आत सरकला.
मी परात काट्याच्या मधोमध ठेवली.
आमचा काटा वीस किलोच्या खाली बोलत नाही.
शून्य, मी म्हणालो.
लिही, ती म्हणाली.

लिहिलं.
माल: डोंगर. गाडी क्रमांक: कोरा.
निव्वळ वजन: शून्य.
तिने पावतीची घडी ओढणीच्या टोकाला गाठीत बांधली,
आमची आत्या सुटे पैसे बांधायची तशी,
परात माझ्या टेबलावर उपडी केली
आणि उतार उतरून गेली.

रात्री हिशोब जुळेना. एक पावती जास्त.
सुपरवायझर विचारतो, ही कुणाची?
मी तोंड उघडलं
आणि आधी खोकला आला.