नावे

रामबागेत नलूताई खंडकरांच्या खानावळीत
गल्ल्यावर कुणी बसत नाही.
दाराशी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा,
झाकणाला फट. वाटेल ते टाका.
शेजारी दोऱ्याने बांधलेलं पेन आणि एक वही:
पैसे नसतील तर काय दिलंत, ते लिहा.

मी पस्तीस वर्षं बँकेत खतावण्या लिहिल्या.
ही वही मला तपासायला देणं म्हणजे
सोवळ्यातल्या माणसाला बोंबील निवडायला बसवणं.

बारा तारीख. "लसूण सोलला, दोन किलो. बडवानीचा."
नाव नाही. बडवानीचे चौघे आहेत,
चौघेही भंवरकुव्याला खोली घेऊन
एकाच परीक्षेला तिसऱ्यांदा बसलेले.
तेरा. "नळाचा वायसर बदलला."
"पलीकडच्या आजींना विजेचं बिल वाचून दाखवलं, दोनदा."
त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात:
"काही दिलं नाही. उद्या."
चौदाला तेच. पंधराला तेच.
सोळाला खरगोनच्या मिरच्या, सव्वा किलो,
आणि पुढे: "उद्या आला."

विचारलं, ताई, मिरच्या जमेला धरू की खर्चाला?
वांग्यांवर जिरावण भुरभुरत म्हणाल्या,
"वांग्याला धरा."

गैरसमज नको. बाई संत नाहीत.
गळ्यात साखळी घातलेल्या एकाने दहाची नोट टाकून
श्रीखंडाची तिसरी वाटी मागितली, तेव्हा
समोरच्या पानवाल्यालाही ऐकू गेलं:
"भिया, दहात तर वाटी धुऊनपण होत नाही!"

आणि सिलिंडरवाला सोललेला लसूण घेत नाही.
मार्चला एक हजार सातशे चाळीस कमी.
एप्रिलला तीन हजारांवर.
मी म्हणालो, पाटी लावू. थाळी शंभर रुपये, रोख.
त्या काही बोलल्या नाहीत.
तव्यावरची पोळी मात्र करपली,
ती त्यांनी स्वतःच्या ताटात घेतली.

सराफ्यात रात्रभर कढया घासणारा गेंदालाल
सकाळी दहाला येतो, बोटं पांढरी पडलेली.
त्याची नाणी ओली असतात. मी पुसून मोजतो.
रोज पंधरा रुपये जास्त.
एकदा परत करायला गेलो, तर मान न वळवता म्हणाला,
"वो उस मिर्चीवाले लड़के का है."
मुलाला हे ठाऊक नाही. मी सांगितलेलं नाही.
कुठल्या रकान्यात सांगणार?

आमच्या धंद्यात बाजू दोनच, जमा आणि नावे.
ज्याच्याकडून यायचं, त्याच्या नावे.
पस्तीस वर्षं हा शब्द लिहिला,
त्यात नावं असतात, हे ध्यानातच आलं नव्हतं.

परवा कपाटातल्या जुन्या वह्या काढल्या, तूट कुठून सुरू झाली बघायला.
ही गेली, त्या वर्षीचा भाद्रपद.
ताईंचं तिरकं अक्षर, सलग एकोणीस दिवस:
"लघाटे. जेवले. बोलले नाहीत."
"लघाटे. जेवले. बोलले नाहीत."
पैसे टाकत होतो का, आठवत नाही.
विसाव्या दिवशी:
"लघाटे. आमटीत मीठ कमी म्हणाले."
आणि समोर, जमेच्या बाजूला,
बरोबरची खूण. तांबड्या शाईत.

वही जागेवर ठेवली.
मे महिन्याचा हिशेब अजून लागलेला नाही,
पाटीचं मी पुन्हा काढलं नाही, सिलिंडरचं काढावं लागेल.
पेनाची कांडी संपली होती, नवी आणली.

आज उसळीत मीठ जरा जास्त पडलं होतं.
सांगितलं.