स्टॅच्यू

शेफील्ड. पहाटेचे पावणेचार.
इद्रीसचं मनगट सुजून बटाट्याएवढं,
बाप ट्राम-डेपोतून थेट, पिवळ्या जाकिटातच.

इचलकरंजीच्या आमच्या गल्लीतला खेळ
शिकवते त्याला:
स्टॅच्यू म्हटलं की थिजायचं,
ओव्हर म्हणेपर्यंत.
तो थिजतो. काखेतला एककानी ससाही.

शिशाच्या काचेआड बटण.
पडद्यावर हाडं, टोकांशी काळ्या फटी.
बाप दचकतो, "इतक्या ठिकाणी?"
नाही हो, ती वाढायची जागा.
एवढंच सांगते.
खालच्या तिरक्या रेघेचं डॉक्टर सांगतील.

टेबल पुसताना दिसतं,
बाप त्याला उचलून नेतोय
आणि तो लाकडासारखा ताठ.
दारातून, ओठ न हलवता:
"तू ओव्हर म्हणालीच नाहीस."

म्हणते.
"सशालापण."