पोत

कामाच्या कागदावर एकच ओळ होती:
टेक्स्चर दिसलं पाहिजे, बघणाऱ्याच्या दातांना कळलं पाहिजे.
मी वहीत लिहिलं, पोत,
आणि पेन तिथंच थांबलं.
कापडाचा तो पोत, जमिनीचा तो पोत,
गळ्यातली ती काळी पोत,
आणि देवीपुढे पेटवून नाचवतात
तोही पोतच.
ग्रिम्सबीत हे सांगायचं कुणाला?

मासे धुरावायच्या जुन्या कारखान्याच्या माडीवर
आमचा स्टुडिओ.
भिंती दोनदा रंगवल्या.
तरी हीटर लावला की विटांमधून
हॅडॉक बोलायला लागतो.

टेबलावर आज केळफूल.
डब्यातलं, खारवलेलं, पिवळट, गप्प.
मैद्याच्या आणि बिअरच्या पिठात बुडून
तळून निघालं, की म्हणे कॉड.
'म्हणे' एवढं मात्र पाकिटावर छापत नाहीत.

बेरिल ऑडलिंग तुकडे मांडते.
एकतीस वर्षं गोदीवर मासे कापले तिनं,
डाव्या अंगठ्यावर सुरीची पांढरी रेघ.
ती म्हणते, ताजा कॉड नुसता दाबला
की आपणहून उघडतो, पत्त्यांच्या कॅटासारखा.
आणि अंगठ्यानं केळफूल दाबते
तसंच, मान जरा तिरकी करून.
ते उघडतं. दोघी जरा दचकतो.

आमच्याकडे हे सोलायला बसायचं
तर आधी हाताला तेल.
तरी चिकानं बोटं आठवडाभर काळी.
एकेका फुलातला ताठ दांडा शोधून काढायचा,
रात्रभर ताकात ठेवायचं,
सकाळी काळे वाटाणे घालून भाजी.
दुपारी दोनपर्यंत कढई रिकामी.
इतक्या जवळून तेव्हा
बघितलं कुणी?

लेन्स दोन बोटांवर.
एका वेळी केसाएवढंच स्पष्ट दिसतं,
म्हणून त्रेचाळीस फोटो, एकावर एक.
खालून लॉरी गेली की टेबल थरथरतं,
बाविसावा जातो,
पुन्हा एकपासून.
मागून दिवा सरकवला
आणि पिठाचं कवच आतून पेटलं,
गुहा, फुटके बुडबुडे, तेलाची कड.
वहीतला चौथा अर्थ हाच असेल का?
कवचाखाली पापुद्रे, पापुद्र्यावर लव,
आणि एक शीर,
वर जाता जाता दोन झालेली.
अशी शीर माशाला नसते.

लीड्सहून आलेला टोबायस
स्क्रीनपाशी बराच वेळ वाकला.
'सुंदर आहे,' म्हणाला, 'पण हे फूल वाटतंय.'
'फूलच आहे,' बेरिल म्हणाली,
आणि तीन तास सजवलेला तो तुकडा
लिंबू पिळून खाऊन टाकला.
चावत राहिली.
आम्ही वाट बघत राहिलो.
'मीठ कमी,' एवढंच.

मग दुसरा तुकडा, लेन्स हातभर लांब,
शेजारी वाटाणे, खाली वर्तमानपत्र,
कडा धूसर.
पाकिटावर तो गेला.
पैसे वेळेवर आले, तक्रार नाही.

पहिल्याची एक प्रत मी पिशवीत घातली.
बसस्टॉपवर वारा, हातात कागद फडफडता.
बेरिलनं तो चष्म्याशिवाय बघितला,
लांब धरून, मग आणखी लांब.
'क्लीथॉर्प्स,' म्हणाली. 'ओहोटीची वेळ.
पाणी गेलं की वाळू अशीच उरते, वळ्या वळ्यांची.'
मी काही बोलले नाही.
बस दिसायला लागली होती.
तिनं पांढऱ्या रेघेचा अंगठा
बरोबर त्या शिरेवर ठेवला,
जिथं ती दोन होते.
'इथून पुढे जायचं नाही हं,' म्हणाली,
'पाय रुततात.'