माणसं मोजायची नसतात

हलमध्ये फेब्रुवारीत चारलाच दिवे लागतात.
पप्पांना सोमवारी पुरलं. चिखल होता.
फावडं आमच्यात हातातून हातात देत नाहीत,
मातीत रोवून ठेवायचं, पुढच्यानं आपणहून उचलायचं.
मी तीनदा उचललं. मग बोटं चालेनात.

घरी आले तर आरसे झाकलेले.
म्युरिएल फेल्डमननं झाकले होते.
ती माझी कोण? कोणी नाही.
एकदाच बोललो होतो, तेही भांडणात,
सिनेगॉगच्या हीटरच्या बिलावरून.
कपाट उघडून मिळेल ते कापड घेतलं तिनं,
हॉलमधल्या उंच आरशावर आईचं नऊवारी.
तिला काय ठाऊक, ते काय आहे.
मला मात्र क्षणभर वाटलं,
आई उभी आहे, भिंतीकडे तोंड करून.

बुटक्या खुर्चीवर बसले.
उकडलेली अंडी आली, मसुराचं पातेलं आलं,
फोडणी नाही, हळद नाही, मीठ ज्याच्या त्याच्या नशिबानं.
पप्पा म्हणाले असते,
पोरीचं राहू दे, आधी या डाळीचं सांत्वन करा.
मी हसले. रडले. आणखी वाढून घेतली.

दारातून येणारा प्रत्येक जण एवढंच म्हणे,
तुला दीर्घायुष्य लाभो.
इथली रीत. गेलेल्याबद्दल अवाक्षर नाही,
उरलेल्याला आयुष्य.
रोह्याच्या काकूंचं 'औक्षवंत हो',
ओल्या छत्रीचं पाणी पायपुसण्यावर गाळत.

बाहेर पिवळ्या जाकिटातला जोएल.
सिनेगॉगच्या काचेवर दगड आल्यापासून
आमचं चार माणसं जमलं तरी कोणी ना कोणी असा उभा असतो.
आत ये, भिजशील, म्हटलं.
म्हणाला, मोजायच्या वेळी हाक मारा.

माणसं मोजायची नसतात.
एक, दोन, तीन म्हटलं की दृष्ट लागते.
म्हणून लिपमन म्हातारा दहा शब्दांचा श्लोक पुटपुटतो,
माणसागणिक एक शब्द, बोट न दाखवता.
आमच्या छोट्याशा सिनेगॉगात बायकाही धरतात.
शब्द पुरले तर कद्दीश, नाहीतर नुसतंच बसायचं.

पहिला शब्द त्याचा स्वतःचा.
मग म्युरिएल, तिची बहीण,
दंतवैद्य नवराबायको,
बंदरावरचा निवृत्त कारकून, त्याचा बहिरा भाऊ,
आठवा जोएल, निथळणारा,
नववी लिंकनहून गाडी हाकत आलेली,
तिचं नाव मला अजून माहीत नाही.
श्लोक अडला.
मी दाराकडे पाहिलं.
बाकी कोणीच दाराकडे पाहत नव्हतं.

मी समजत होते, हे सगळे माझ्यासाठी आलेत.
माझ्यावाचून त्यांचंही अडत होतं.
गुडघ्यावर हात टेकून उठले.
लिपमननं शेवटचा शब्द उच्चारला, हळू,
कुणाला तरी खाली ठेवावं तसा.

जाताना कोट चढवत म्हणाला,
शनिवारी ये.
वीस वर्षं तो शब्द तुझ्या वडिलांवर पडायचा.

पातेलं घासून ठेवलंय.
रिकामं परत करू नये म्हणतात.
शुक्रवारी मसूरच करीन,
लसणाची फोडणी देऊन,
जरा चढीच.