पाण्याचा वार

आमच्या कॅलेंडरात गोल रविवारभोवती नसतो,
पाण्याभोवती असतो. दर पाचव्या दिवशी,
कधी पहाटे तीनला, कधी भर दुपारी.
मागच्या गोलावरून बोटं मोजत मी पुढचा काढते
आणि तो नेमाने चुकतो.

रविवारची सकाळ माझी लॅबमध्ये जाते,
उपाशीपोटी आलेल्या माणसांच्या बाह्या वर सारत.
अंबादास तेव्हा घरी पांघरुणात.
त्याच्या कारखान्यातले टॉवेल बोटीत बसतात,
आमच्या दोरीवर येतात ते नापास झालेले:
एकाची कड उसवलेली,
एकावर मोर, त्याला डोकंच विणलेलं नाही.
दीड वर्ष मी त्या मोराला तोंड पुसते.

भांडण झालं की तो तेलुगूत जातो,
मी कन्नडात.
आपापल्या आईच्या घरी जाऊन बसल्यासारखे
एकाच खोलीत बसतो.
मग कुणाला तरी भूक लागते.
"भात टाकू का?"
मराठीत परत येतो.

त्या रविवारी अकराला मी सुटले
तर हा लॅबच्या दारात, मेव्हण्याच्या स्कूटरवर,
गळ्यात कुणाची तरी दुर्बीण.
"चल की, माळढोक बघू."
डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी, फोडलेला कांदा.
स्वतः भरला होता, झाकण उलटं लावून.

बार्शी रोडला ज्वारी दोन्ही अंगांना,
कणसं भरलेली, गोफणीचा आवाज कुठून तरी.
मी काही बोलले ते वाऱ्यानं नेलं,
तो "हां" म्हणाला.
परत बोलले. परत "हां".
मग मी त्याच्या पाठीवर बोटानं लिहिलं: बहिरा.
त्याला वाटलं खाजवतेय. "जरा खाली," म्हणाला.

नान्नजला गवत.
गवत, आणि त्याच्या मागे गवत.
राखणदार म्हणाला, "माळढोक बघायला?"
अगदी त्याच आवाजात, ज्या आवाजात मी म्हणते
रिपोर्ट संध्याकाळी मिळेल.

दुर्बिणीचा एक डोळा धुरकट होता.
हरणं दिसली. अकरा. एक काळवीट,
आमच्याकडे बघून न बघितल्यासारखं करणारा,
लग्नातल्या माझ्या काकासारखा.
पक्षी नाही.
अंबादास मचाणावर वाकून बघत राहिला
आणि मी त्याच्या कानामागचा तीळ बघितला.
आमच्या खोलीला एकच खिडकी, तीही बोळात.
तीळ आधीपासून असणार.

भाकरी अर्धी झाली तोच घरमालकीणबाईंचा फोन:
"पाणी आलंय ओ! मोटारीची किल्ली कुठाय?"
किल्ली माझ्या पर्समध्ये.

परत येताना कुणी बोललं नाही, स्कूटर सोडून.

पिंप, दोन घागरी, कुकर, परात,
त्याचा जेवणाचा डबा,
शेवटी करंगळीएवढी धार, तीही लोट्यात.
साड्या गुडघ्याला खोचून अख्खा बोळ ओला
आणि त्यातून विरेश, घरमालकिणीचा नातू,
चप्पल हातात घेऊन:
"काका, दिसला का?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं.
"दिसला की!" अंबादास म्हणाला,
आणि माझ्या खांद्यापाशी हात धरला. "एवढा!"
पोरानं माझ्याकडे बघितलं.
ओल्या हातानं मी केस मागे सारले.
"मान पांढरी," मी म्हणाले.
"उडाला नाही पण. चालत गेला.
घाई नव्हती त्याला."

पोरगं ओरडत जिना उतरलं.
आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही,
बघितलं असतं तर हसलो असतो.

रात्री पुढचा गोल काढला. शुक्रवार.
म्हणजे रविवार मोकळा.
म्हणजे, चुकला नाही तर.
मोरीतून त्याचा आवाज आला,
तांब्या थांबवून:
"मान खरंच पांढरी असते का गं?"

"बोर्डावर होती," मी म्हणाले.
"पाणी जपून घे."