सात दिवसांची मुदत

खोक्यावर बाण आहेत, वरची बाजू कुठली ते सांगणारे.
समीरणने ते आडवंच आणलं जिन्यातून,
धनकवडीतले तीन मजले, साडेचौदा किलो,
आणि टीव्हीशेजारी स्पीकर उभा केला तेव्हा वाटलं
कुणी पाहुणा आलाय, आणि बसा म्हटलं तरी बसत नाहीये.

"आई, तू सांग. सात दिवसांत परत करता येतो."

मी सांगू?
मी एकतीस वर्षं पर्वतीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये
स्पीकरच्या कॉइल गुंडाळल्या.
केसाएवढी तांब्याची तार, अठ्ठ्याऐंशी वेढे,
वेढ्यावर वेढा चढला की माल बाद.
आवाज मी कधी केला नाही. आवाज जिथून निघतो
ते केलं, भिंगाखाली, श्वास धरून.

म्हणून आधी पेराने ठोकून पाहिलं,
कलिंगड घेताना ठोकतो तसं.
लाकूड नाही. पण पोकळही नाही.
मागे स्क्रू शोधला. एकही नाही.
म्हणजे बिघडला की बिघडला.
वायर नाही याचं समीरणला कोण कौतुक;
मला उगाच वाटत राहिलं,
शेवटी गाठ न मारता कुणी शिवायला बसलंय.

पहिल्या दिवशी बातम्या. निवेदिका हौदातून बोलत होती.
स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे ओढला,
बाई हौदाबाहेर आल्या.
दुसऱ्या दिवशी तबला. डग्ग्याची घुमक थेट पोटात,
छान,
पण चाटेवरचे बोल खरखरीत,
पायाखाली साखर सांडल्यासारखे.

तिसऱ्या दिवशी घरच बोलायला लागलं.
मंद्रातल्या एका सुराला, त्याच एका सुराला,
फडताळातली परात झणझणायची.
परातीखाली पंचा घातला,
तर खिडकीची काच.
काचेच्या फटीत पुठ्ठा खोचला,
तर माळ्यावरून किर्र किर्र.
स्टूल घेऊन चढले. ह्यांचा स्टोव्ह.
राजगडावर पिठलं शिजवलेला, रॉकेलचा,
सोळा वर्षांत कुणी हात लावला नव्हता.
त्याची टोपी सैल झाली होती.
परीक्षा नक्की कुणाची चाललीय, मला कळेना.

खालचे कुंभोजकर वर आले. मी माफी मागायच्या तयारीत.
"नाही, नाही. ते मघाचं पुन्हा लावा जरा.
कपाटाची किल्ली सापडत नव्हती चार महिने.
आत्ता फ्रिजवर कुठंतरी वाजली."

पाचव्या दिवशी शर्वीने मोबाइलवर एक चाचणी काढली:
एकच सूर, तळापासून वर वर चढत जाणारा.
"ऐकू येईनासं झालं की हात वर कर, आजी."
मी हात वर केला.
जरा वेळाने समीरणने.
शर्वी ऐकतच होती, मान तिरकी करून,
आमच्या दोघांच्या डोक्यावरून जाणारं काहीतरी.
मी जाळीवर बोट ठेवून पाहिलं.
काही लागलं नाही बोटाला.
आत एक कॉइल पुढेमागे धावत होती, एवढं ठाऊक.
ती कुणी गुंडाळली असेल?
मशीनने, बहुतेक.
वेढ्यावर वेढा चढलेला नाही, तेवढं मला कळतं.
मग शर्वीचाही हात वर गेला
आणि ती माझ्याकडे बघून हसली,
जिंकल्यासारखी नाही, जरा ओशाळून.

उद्या सातवा दिवस.
"ठेवायचा?" समीरण विचारतो.
डग्गा चांगला, चाट खरखरते,
जागा अडवतो, किंमत तर बोलूच नये.
आणि माझे कान, ते काही परत करता येत नाहीत.
ठेव म्हटलं. पण खोकं टाकू नकोस,
माळ्यावर जागा झालीय आता.
स्टोव्ह मी खाली काढलाय, चिंचेने घासलाय,
टोपी पकडीने घट्ट बसवली.

आज दुपारी तोच सूर पुन्हा लावून पाहिला, एकटीनेच.
तो ब्र काढत नाही.