पाचव्या दिवसाचं पाणी

टाकळीच्या पुढं एप्रिलात भीमा नसते,
तिची नुसती सवय असते
वाळूत आडवी पडलेली.

मी पिशवी घेऊन उतरते,
कुणाच्या तरी लग्नातली, 'चि. सौ. कां.' छापलेली.
तिच्यात भरते शिंपले, मरळ माशाचा जबडा,
देवीचा एक डोळा (चांदीचा म्हणावा तर पत्रा),
एकाच पायातली चप्पल, टाच आतून झिजलेली.
वाळूच्या ट्रॅक्टरवरून मल्लिनाथ हटकतो,
"मॅडम, सरकारी हाय का?"
नाही म्हटलं की त्याला बरं वाटतं.

पुढच्या खेपेला तोच खाली उतरला.
खिशातून काढलं भावाचं ओळखपत्र,
सूतगिरणीचं, प्लास्टिकमध्ये बंद.
आत पाणी शिरलेलं. चेहऱ्याच्या जागी ताकाचा डाग.
वाळू उपसलेल्या खड्ड्यात दोन वर्षांपूर्वी, एवढंच म्हणाला.
"याचा फोटू निघंल का?"
म्हटलं, चेहरा नाही यायचा. आकार येईल.
तो ट्रॅक्टरकडं बघत राहिला.
"आकार चालंल."

अण्णांची अंधारखोली साखर पेठेत अजून आहे.
इथं ते चेहरे धुवायचे:
पासपोर्ट, साखरपुडे,
आणि मेलेल्या माणसांचे फोटो,
ज्यांचे डोळे ते बारीक कुंचल्यानं उघडून द्यायचे.
मला ते कधी जमलं नाही.
मी दोन बाटल्यांतलं लोखंडाचं मीठ मिसळते
आणि मांजरपाटावर फासते.
ओलं असताना ते कैरीच्या पन्ह्यासारखं दिसतं.

दारात व्यंकटी येमूल बसलेले.
तीस वर्षं रंगखात्यात हौद ढवळले त्यांनी;
नखांच्या मुळाशी अजून निळं आहे,
किंवा मला तसं दिसतं.
"आम्ही रंग उकळायचो," म्हणतात,
"तू उन्हाला देतेस. दे बापडे. सोलापुरात ऊन फुकट."

गच्चीवर भर बाराला कापड, वर कार्ड, वर काच.
शेजारच्या गच्चीवर सांडगे.
"हे कसलं वाळवण गं?" इरम्मा विचारते.
काय सांगणार?
जिथं वस्तू तिथं ऊन पोचत नाही,
जिथं पोचत नाही तेवढंच पांढरं राहतं.
बारा मिनिटं मी काचेजवळ बसून राहते
जशी दुधाजवळ बसतात.

मग धुवायचं,
आणि नळ पाचव्या दिवशी.
घडी करून काळ्या फडक्यात ठेवलं.
रोज वाटायचं, आतल्या आत काठ फुटत असतील.

पाचव्या रात्री अडीचला नळ खोकला.
गल्लीभर मोटारी, बादल्या, कुणाच्या तरी शिव्या.
आधी पिंप, मग हंडे, मग घागर;
शेवटच्या टबात कापड सोडलं.
जिच्या कोरड्या पाठीवरून उचलून आणलं
तीच आली पाइपातून, ब्लीचिंगचा वास घेऊन,
आणि पिवळं सुटत गेलं, सुटत गेलं.

निळ्यात एक चौकोन, धुरकट पांढरा.
काठ थोडे फुटलेलेच.
वरच्या कडेला, दोरी ओवायच्या भोकातून
ऊन तेवढं आत गेलं होतं:
एक निळा ठिपका, मसुराएवढा, गडद.
तो मी मांडला नव्हता.

येमूल कापड चिमटीत धरून बघतात, जसं थान बघतात.
"पक्का आहे. फक्त सोड्यात घालू नको म्हणावं. सोडा याला खातो."

मल्लिनाथला वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं.
साबण नाही, सोडा नाही, सांगितलं.
त्यानं दोनदा मान हलवली.
"आन साध्या पान्यात?"

साध्या पाण्यात काही होत नाही, मी म्हणाले,
आणि म्हटल्यावर जीभ चावली.